जुन्या लाकडाचं धनुष्य: वाचकांचे प्रश्न

जिन्याच्या जुन्या कठड्यापासून केलेल्या माझ्या धनुष्याचा फोटो मागच्या अंकात छापून आला आणि पत्रांचा ढीग लागला. बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच: "किती पौंडाचं होईल?" म्हणजे दोरी पूर्ण ओढायला किती पौंडांचा जोर लागेल; त्यालाच धनुष्याचं वजन म्हणतात. या प्रश्नाचं उत्तर मुद्दाम शेवटी ठेवलं आहे. नवीन, निवडून आणलेल्या लाकडात वजन आधी ठरवता येतं. मोडीतून उचललेल्या लाकडात ते फळी ठरवते. आपण फक्त तिला विचारायचं असतं. कसं विचारायचं, याबद्दलच या वेळची बहुतेक उत्तरं आहेत.

तीन शब्द आधी पक्के करून घेऊ. मुठीच्या वरचा आणि खालचा वाकणारा भाग म्हणजे भुजा. धनुष्याची जी बाजू निशाणाकडे असते ती पाठ आणि जी आपल्याकडे असते ते पोट. दोरी ओढली की पाठ ताणली जाते आणि पोट दाबलं जातं.

ताई, आजोबांच्या वेळचा लाकडी पलंग मोडला. त्याच्या दोन्ही बाजूंच्या लांब पट्ट्या जपून ठेवल्यात. प्रत्येकी 190 सें.मी. लांब, 12 सें.मी. रुंद, अडीच सें.मी. जाड. लाकूड कोणतं ते कुणालाच सांगता येत नाही. तपकिरी आहे आणि हाताला जड लागतं. एका पट्टीत मध्यापासून थोडी बाजूला एक गाठ आहे, कडेला खिळ्यांची दोन-तीन भोकं आहेत आणि एका टोकाला बोटभर चीर गेली आहे. दुसरी मात्र एकदम स्वच्छ आहे. स्वच्छ पट्टीचं धनुष्य करावं आणि डागी पट्टी सोडून द्यावी, असं ठरवलंय. बरोबर ना?

अजून करवत हातात घेऊ नका. "स्वच्छ" म्हणजे नुसती दिसायला स्वच्छ असेल, तर कदाचित तीच पट्टी तुम्हाला दगा देईल.

फळीत बघायचा असतो तो रेषा, म्हणजे लाकडाच्या तंतूंची दिशा. झाड उभं वाढतं, त्याचे तंतूही उभे जातात. करवत मात्र सरळ चालते आणि झाड सरळ असतंच असं नाही. त्यामुळे गुळगुळीत, बिनगाठीच्या फळीतही तंतू तिरके जाऊन कडेतून बाहेर पडलेले असू शकतात. लाकडाच्या चाचण्यांमधून हे आकड्यांत मांडलं गेलं आहे. 20 सें.मी. लांबीत तंतू 1 सें.मी. सरकले असतील तर वाकताना लाकडाची ताकद सरळ लाकडाच्या 93 टक्के उरते. 10 सें.मी.मध्ये 1 सें.मी. सरकले तर 81 टक्के. 5 सें.मी.मध्येच 1 सें.मी. सरकले तर 55. एवढ्या तिरक्या फळीचं धनुष्य केलंत तर ते कधी मोडेल एवढाच प्रश्न उरतो. गाठ डोळ्यांना दिसते म्हणून तिची भीती वाटते, पण बिनगाठीच्या तिरक्या रेषेने जास्त धनुष्यं मोडली आहेत असं माझं स्पष्ट मत आहे.

आता तुमची ती चीर. तिला मी दोष म्हणणार नाही, ती तर खूण आहे. वाळताना पडलेली चीर तंतूंच्या बाजूनेच जाते, ती कधी खोटं बोलत नाही. चिरेची सुरुवात आणि शेवट फळीच्या कडेपासून मोजा. दोन्ही अंतरं सारखी आली तर डागी फळीचा रेषा निदान त्या टोकाला तरी सरळ आहे. फळीच्या रुंद अंगावर ज्या ज्योतीसारख्या, टोकदार कमानी दिसतात त्यांच्यावर मात्र विसंबू नका. ती वाढीच्या वलयांची नक्षी आहे, तंतूंची दिशा नव्हे. चीर नसलेल्या फळीवर पॉलिश खरवडून थोडं कोरं लाकूड उघडं करा आणि शाईचा थेंब सोडा. तो लांबट पसरतो, आणि ज्या दिशेला पसरतो तीच तंतूंची दिशा. दोन्ही टोकांना आणि मध्ये करून बघा. रुंद अंगावर झालं की अरुंद कडेवरही तेच करा. कडेवरची तपासणी जास्त महत्त्वाची, कारण तिथे तंतू तिरके असतील तर ते पाठीच्या पृष्ठभागावर येऊन तुटतात आणि अशा प्रत्येक ठिकाणी ढलपी उचलायला वाव मिळतो.

फळी 12 सें.मी. रुंद आहे हे तुमचं भाग्य. धनुष्य सगळ्यात रुंद जागी 5 सें.मी. आणि टोकांना सव्वा सें.मी. लागणार. म्हणजे रुंद अंगावर रेषा तिरका निघाला तरी धनुष्याची मधली रेघ फळीच्या कडेला समांतर न धरता तंतूंना समांतर आखता येते. लाकूडतोड्याने किंवा गिरणीने केलेला तिरकेपणा असा तुम्ही आखणीतच काढून टाकता. कडेवरचा तिरकेपणा असा काढता येत नाही, कारण जाडी अडीचच सें.मी. आहे. तिथे रेषा वाईट निघाला तर ती फळी पाठीसाठी बाद.

रेषा पास झाला की लाकूड जिवंत आहे का ते बघायचं. जुनं लाकूड आतून बुरशीने खाल्लेलं असलं तरी वरून ठणठणीत दिसतं. टोच्याचं टोक फळीत तिरकं घालून वर उचला. चांगल्या लाकडात लांब, चिवट ढलपी उठते आणि एका टोकाला चिकटून राहते. बाद लाकडात टोच्याच्या वरच कट्‌कन आखूड तुकडा उडतो. आणखी खात्री हवी असेल तर फळीच्या टाकाऊ भागातून बोटाएवढी जाड आणि फूटभर लांब काडी काढून गुडघ्यावर मोडा. लांब धसकटं निघत, आवाज करत मोडली तर काम सुरू करा. खडूसारखी आडवी, सपाट मोडली तर त्या फळीचं स्टूल करा. वर्षानुवर्षं कौलांखाली, उष्णतेत पडलेलं लाकूड असं ठिसूळ झालेलं मी पाहिलं आहे. भुंग्याचं एक भोकही नसतं, तरी मोडतं.

खिळे. लोहचुंबक दोन्ही अंगांवरून आणि कडांवरून सावकाश फिरवा. डोकं तुटलेला खिळा आत राहिलेला असतो आणि रंध्याच्या पात्याला तो अचूक सापडतो. भोकाभोवती लाकूड निळं-काळं झालं असेल तर लोखंडाची लाकडातल्या टॅनिनशी प्रक्रिया होऊन तो डाग पडलेला असतो. तिथलं लाकूड टोच्याने पुन्हा तपासा. तुमची भोकं कडेला आहेत, म्हणजे आखणीत ती बाहेर पडायला हवीत. एखादं भुजेच्या आत येतच असेल तर मूठ किंवा टोकाकडचे शेवटचे 15 सें.मी. तेवढं सहन करतात. भुजेच्या मध्यावर, पाठीवर मात्र भोक नको. भोकात लाकडाचा भुसा आणि गोंद भरून वर पॉलिश मारायची हौस अनेकांना असते. त्याने डोळ्याला बरं वाटतं. ताण मात्र तो लगदा घेत नाही.

आणि गाठ. मध्यापासून थोडी बाजूला आहे म्हणता. मग धनुष्याचा मध्य तिच्याकडे सरकवा. चिरेचं टोक कापल्यावरही 180 सें.मी. उरतील, चीर जिथे संपलेली दिसते त्याच्या पुढे दोनतीन सें.मी. कापा, कारण डोळ्याला दिसते त्यापेक्षा ती थोडी पुढे गेलेली असते. दोन्ही भुजा अगदी सारख्या हव्यात असा काही नियम नाही. जपानी युमी धनुष्य दोन मीटरपेक्षा लांब असतं आणि त्याची मूठ मध्यावर नसून खालून साधारण एक तृतीयांशावर असते. तुम्हाला एवढं लांब जायचं नाही, चार-पाच सें.मी. सरकवूनही गाठ मुठीच्या जाड भागात येऊन बसेल. गाठ भुजेतच येणार असेल तर तिच्या दोन्ही बाजूंनी रुंदी राखायची आणि कड बाहेर फुगवटा देऊन गाठीला वळसा घालू द्यायची. माझ्या कठड्याच्या धनुष्यात वरच्या भुजेवर असाच एक फुगवटा आहे, पाहुणे त्याला बोट लावून "हे चुकलंय का?" विचारतात. यू झाडाच्या लाकडात बारीक गाठी असतातच आणि इंग्लंडचे जुने कारागीर त्या तासून सपाट करण्याऐवजी उंचवटे ठेवून पुढे जायचे. 1545 मध्ये बुडालेल्या आणि 1982 मध्ये वर काढलेल्या मेरी रोझ या युद्धनौकेवर अशा यू लाकडाची शंभराहून जास्त धनुष्यं मिळाली.

आकार साधा ठेवा. मुठीजवळ 5 सें.मी. रुंद, तिथून टोकापर्यंत सरळ रेघेत निमुळतं होत सव्वा सें.मी., आणि जाडी जवळजवळ सगळीकडे सारखी. अशा भुजेला वाकवलं की ती वर्तुळाच्या कमानीत वाकते आणि ताण सगळ्या लांबीवर वाटला जातो. अनोळखी लाकडाला हाच आकार मानवतो. रुंद आणि चपटी भुजा ही काही नवी युक्ती नाही. डेन्मार्कमध्ये होल्मेगार्डच्या दलदलीत 1944 साली सापडलेली एल्म लाकडाची धनुष्यं सुमारे 9000 वर्षांपूर्वीची आहेत आणि त्यांच्या भुजा रुंद, चपट्याच आहेत.

सुरुवातीला जाडी 14 मि.मी. ठेवा. मुठीसाठी अडीच सें.मी. जाडीचा, 20 सें.मी. लांबीचा ठोकळा दुसऱ्या पट्टीतून कापून पोटाच्या बाजूने चिकटवा आणि त्याची दोन्ही टोकं उतरती करा. म्हणजे दोन्ही पट्ट्या कामी आल्या. चिकटवण्याच्या जागी जुनं पॉलिश, मेण, तेल काहीही राहता कामा नये. ताजा रंधा मारा आणि त्याच दिवशी गोंद लावा. लाकूड सागवान असेल तर अंगच्या तेलामुळे गोंद नीट धरत नाही, ॲसिटोनने पुसून लगेच चिकटवा. पाठीच्या दोन्ही कडा पेन्सिलीएवढ्या गोल करा. धारदार कड ही ढलपीची पहिली जागा.

पाठीचा रेषा थोडाफार शंकास्पद असेल तर तिच्यावर तागाचं किंवा लिननचं घट्ट विणीचं कापड गोंदाने चिकटवा. ते ढलपी दाबून धरतं, त्यापलीकडे फार अपेक्षा नको. कच्चं चामडं त्याहून चांगलं. बांबूची पट्टी लावायचा मोह मात्र जुन्या लाकडावर आवरा. बांबू ताणाला इतका चिवट असतो की तो स्वतः हलत नाही आणि सगळा दाब पोटावर ढकलतो. जुनं पोट तिथे चिरडतं.

रेल्वेचे जुने स्लीपर मिळताहेत. पन्नास-साठ वर्षांचं लाकूड, म्हणजे पूर्ण वाळलेलं. चांगलं धनुष्य होईल ना?

नको. जुने लाकडी स्लीपर बहुधा क्रिओसोटमध्ये, म्हणजे लाकूड टिकवायच्या डांबरी तेलात, मुरवलेले असतात. त्याचा भुसा अंगावर आणि श्वासात घेण्यासारखा नाही, आणि तुम्ही तर तासन्‌तास खरवडत बसणार. हिरवट झाक असलेल्या, बाहेर उन्हापावसात राहण्यासाठी औषध मारलेल्या लाकडाचंही तेच. त्यात तांबं आणि आर्सेनिक असू शकतं. त्याचे तुकडे शेकोटीतही टाकू नका. जुन्या दारा-खिडक्यांच्या रंगात शिसं असण्याची शक्यता असते, म्हणून तो रंग कोरडा घासू नका. ओला करून खरवडा, मास्क लावा आणि खरवड गोळा करून फेका.

"पन्नास वर्षांचं म्हणजे वाळलेलं" हेही अर्धंच खरं. लाकूड वयाने वाळत नाही, ते भोवतालच्या हवेशी मिळतं घेतं. हवेतली आर्द्रता 50 टक्के असेल तर लाकडात साधारण 9 टक्के पाणी राहतं, 65 टक्क्यांना 12 आणि 80 टक्क्यांना 16 टक्क्यांच्या आसपास. धनुष्याला 8 ते 10 बरं. ओलसर लाकूड दाबाला मऊ पडून वाकडं राहतं, फार कोरडं ताणाला फटकन तुटतं. कापून काढलेली फळी काम करायच्या खोलीत ठेवा, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर अधूनमधून तोला आणि वजन बदलायचं थांबलं की सुरुवात करा.

ताई, माझ्याकडे चांगल्या सरळ रेषेचे तुकडे आहेत, पण सगळे मीटरभरच. जोडून करता येईल का, की जोड म्हणजे कमजोरी?

जोड मुठीत असेल तर बिनधास्त करा, तिथे धनुष्य वाकत नाही. भुजेत जोड नको. दोन तुकड्यांची टोकं माशाच्या शेपटीसारखी खाच आणि सुळके काढून एकमेकांत बसवायची. सुळका 10 सें.मी. तरी हवा, कारण आडव्या कापाला गोंद धरत नाही, लांब तिरक्या अंगांना धरतो. बसवणी बोटाच्या दाबाने पूर्ण व्हायला हवी. ठोकून बसवलीत तर खाच फाटेल. चिकटवताना टेबलावर दोरा ताणून दोन्ही टोकं आणि मूठ एका रेघेत आहेत ना ते पाहा, गोंद वाळल्यावर मग काही करता येत नाही. वरून मुठीचा ठोकळा चिकटवा आणि सुतळीने गच्च गुंडाळा.

याचा एक फायदा लांब फळीवाल्यांना मिळत नाही. एकाच तुकड्यातून उभ्या कापाने काढलेले दोन जुळे अर्धे असतील तर दोन्ही भुजांचं लाकूड सारखं येतं आणि घडवताना त्या सारख्या वागतात. तुमच्या ढिगाऱ्यात अशी जोडी आहे का ते आधी शोधा.

ताई, मी अकरावीत आहे. जुन्या ॲशच्या फळीचं धनुष्य करतोय. एक भुजा जास्त वाकते म्हणून मी तिलाच अजून तासलं, तर ती आणखीच वाकायला लागली. आता मुठीपासून वीतभर अंतरावर ती जणू दुमडतेय. वाचेल का?

तासतोयस ते थांबव. जी भुजा जास्त वाकते तिला हातही लावायचा नसतो; जी कमी वाकते तिचं पोट खरवडायचं. आणि जिथे दुमडतंय त्या जागेला तर पार शेवटपर्यंत शिवायचं नाही.

आधी हिशेब समजून घे, मग हात आपोआप हलका होईल. भुजेची ताकद रुंदीच्या प्रमाणात घटते, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात. 5 सें.मी. रुंदीची साडेचार केलीस तर 10 टक्के ताकद गेली. 12 मि.मी. जाडीची 11 केलीस तर जवळपास 23 टक्के गेली! एक मिलिमीटर म्हणजे रंध्याचे काही फटकारे. म्हणून दोरी चढवायच्या जवळ आलास की रंधा खाली ठेवायचा आणि खरवडणं सुरू करायचं. स्क्रॅपर नसेल तर करवतीचं जुनं पातं सरळ घासून घे, त्याची कड मस्त चालते. ढलपी कागदासारखी पारदर्शक निघाली पाहिजे. भुसा निघत असेल तर कड बोथट झाली आहे.

आता दुमडणाऱ्या जागेची सोय. सरळ रंधलेला 15 सें.मी.चा लाकडी ठोकळा घे. त्याच्या मध्यावर भोक पाडून त्यात पेन्सिल अशी बसव की टोक केसभरच बाहेर राहील. धनुष्य थोडंसं वाकवून खुंटीवर अडकव आणि हा ठोकळा पोटावरून मुठीपासून टोकापर्यंत फिरव. जिथे भुजा वाकते आहे तिथे ठोकळ्याच्या मध्ये फट पडते आणि पेन्सिल टेकत नाही. जिथे भुजा ताठ आहे तिथे पेन्सिल रेघ ओढते. तेवढ्याच रेघा खरवडून काढायच्या. दोरी उतरवून दहाएक फटकारे, पुन्हा चढवायची, तीसेक वेळा हलक्या हाताने ओढायची, मग पुन्हा ठोकळा. लाकूड खरवडल्याचा परिणाम लगेच दाखवत नाही, ओढल्यावर दाखवतं. म्हणून ते तीस वेळा ओढणं टाळू नकोस. दुमडीच्या दोन्ही बाजूंचा भाग असा हळूहळू तिच्या बरोबरीला येईल. तुझ्या धनुष्याची ताकद यात कमी होणार, हे आत्ताच मान्य कर. दहा-बारा पौंडांनी उतरेल, पण धनुष्य राहील.

दोरी ओढायला हात वापरू नकोस. धनुष्याची मूठ भिंतीवरच्या आधारावर ठेव, दोरीला दुसरा दोर बांधून तो खाली जमिनीजवळच्या कप्पीतून घे आणि दोन-तीन मीटर लांब उभा राहून ओढ. दोन फायदे आहेत. लांबून दोन्ही भुजांची कमान एका नजरेत दिसते, आणि फुटलंच तर तोंडावर येत नाही. चष्मा लावलाच पाहिजे. दोराला लटकता काटा लावून वजन बघत जा आणि जेवढ्या पौंडाचं करायचं ठरवलं आहेस त्यापेक्षा जास्त वजनाने कुठल्याच टप्प्यावर ओढू नकोस, मग ते फक्त 30 सें.मी. ओढलं गेलं तरी चालेल. पूर्ण ओढ शेवटच्या दिवशी येते. शेवटी वरची भुजा खालच्या भुजेपेक्षा दोरीपासून 3 ते 6 मि.मी. जास्त लांब असू दे. तीन बोटांपैकी दोन बाणाच्या खाली असतात, म्हणून खालच्या भुजेवर जोर जास्त येतो. ती थोडी ताठ हवी.

आणि एक. मित्रांच्या हातात देशील तर आधी सांगून ठेव: बाण न लावता दोरी ओढून सोडायची नाही. बाणात जायची ताकद मग धनुष्यातच फुटते.

जुन्या ओकच्या फळीचं धनुष्य छान चाललं होतं. आता पोटावर, खालच्या भुजेच्या मध्यावर, केसासारख्या बारीक आडव्या रेघा दिसतात. पॉलिशला तडे गेले असतील का?

पॉलिश तिथे थोडं खरवडून नखाने बघा. रेघा लाकडातच असतील तर तंतू दाबाने चिरडले गेले आहेत. आडव्या, नागमोडी, रेष्याला काटकोनात जाणाऱ्या रेघा म्हणजे हेच. पाठ फुटली की धनुष्य एका क्षणात संपतं. पोट चिरडलं की ते हळूहळू त्याच जागी जास्त वाकत जातं आणि त्या रेघा वाढत राहतात. त्यात गोंद ओतून काही होत नाही.

याचा अर्थ दोनपैकी एक. एक तर ती जागा बाकीच्या भुजेपेक्षा जास्त वाकत होती, किंवा सगळ्याच भुजेवर तिच्या कुवतीपेक्षा जास्त ताण आहे. दोरी उतरवून धनुष्य टेबलावर पाठीवर ठेवा. टोकं टेबलापासून किती वर उचललेली राहतात? दोन-अडीच सें.मी. असतील तर ठीक. पाच-सहा असतील तर सगळं पोट थकलं आहे आणि ओढ कमी करण्याशिवाय इलाज नाही. टोकं फारशी उचललेली नसतील, तर दोष त्या एका जागेचा आहे. वरच्या उत्तरातला पेन्सिलीचा ठोकळा काढा आणि त्या जागेच्या दोन्ही अंगांना, आणि मग दुसऱ्या भुजेलाही, सारखं खरवडत आणा. रेघा असलेल्या धनुष्याने मी वर्षानुवर्षं बाण सोडणारी माणसं पाहिली आहेत. त्यांनी वजन उतरवलं होतं म्हणून.

पोट विस्तवावर शेकून कडक करावं का, असंही तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलं आहे. उष्णतेने लाकडाचं पोट दाबाला जास्त टिकतं हे खरं, पण पाठ तेवढीच ठिसूळ होण्याचा धोका असतो. जुन्या लाकडाच्या पाठीवर मला तेवढा भरवसा नाही.

शेवटी किती पौंडाचं होईल ते सांगा की! आणि लांबी कमी करून चालेल का? लांब धनुष्य घरात ठेवायला अडचणीचं होतं.

सांगते, पण लांबीवरूनच सांगावं लागेल. भुजा वाकली की तिच्या पृष्ठभागावर किती ताण पडतो, म्हणजे तो मूळ लांबीच्या किती टक्के ताणला किंवा दाबला जातो, हे जाडी आणि वाकण्याची त्रिज्या यांवर ठरतं. रुंदीचा त्यात संबंध नाही. जाडी भागिले दुप्पट त्रिज्या, एवढाच हिशेब. वर सांगितलेल्या आकाराचं 180 सें.मी.चं धनुष्य 71 सें.मी. ओढलं तर भुजा साधारण 90 सें.मी. त्रिज्येत वाकते. जाडी 12 मि.मी. असेल तर ताण निघतो 0.67 टक्के. तेच धनुष्य 165 सें.मी.चं केलं तर तेवढ्याच ओढीला त्रिज्या 72 वर येते आणि ताण 0.83 टक्क्यांवर जातो. नव्या, पारखून घेतलेल्या लाकडाला हे झेपतं. कोण जाणे किती वर्षं कुठे पडलेल्या लाकडाला मी 0.7 च्या पुढे नेत नाही. तेव्हा लांबी कमी करायची असेल तर ओढही कमी करा. दोन्ही गोष्टी एकदम मिळत नाहीत. दोरी उतरवलेलं धनुष्य दाराच्या चौकटीवर दोन खुंट्यांवर आडवं राहतं, एवढी काय अडचण आहे?

180 लांबी, 5 सें.मी. रुंदी, 12 मि.मी. जाडी, मध्यम कडकपणाचं लाकूड: 25 ते 30 पौंड, म्हणजे 11 ते साडेतेरा किलो. जास्त हवं असेल तर जाडी वाढवू नका, रुंदी वाढवा. 6 सें.मी. केलीत तर वजन पाचव्या हिश्शाने वाढतं आणि ताण तोच राहतो. शिकणाऱ्याला 25 पौंड भरपूर होतात. तीस-चाळीस बाण सोडल्यावर खांदा तुम्हाला ते सांगेल.

दोरी कशाची घ्यावी? मासे पकडायची नायलॉनची चालेल का?

नायलॉन ताणली जाते, दर दोन बाणांनी दोरी सैल पडेल. पॉलिएस्टरचा डॅक्रॉन धागा घ्या आणि 10 ते 12 धाग्यांची दोरी वळा. आधुनिक धनुष्यांच्या न ताणल्या जाणाऱ्या वेगवान दोऱ्या जुन्या लाकडावर नकोत, सगळा झटका टोकांच्या खाचांवर येतो. दोरी चढवल्यावर मुठीपासून 15 सें.मी. अंतर ठेवा, खाचांच्या कडा कानशीने गोल करा आणि काम झालं की प्रत्येक वेळी दोरी उतरवा.